किल्ल्या जिच्या हातात

तेर्तुल्लाकडून बाबा हेदिस्तुस यांना, अक्विलेया
विरुनुम, सप्टेंबरचा मध्य

बाबा,

तुम्ही बरे असाल तर ठीकच आहे, मीही बरी आहे. पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून लिहिलं, पण या वेळी ते खरंही आहे. मला पाचवा महिना लागला आहे. आधी कळवलं नाही, कारण मागच्या दोन्ही खेपांना घाईने कळवलं आणि मग दुसरं पत्र लिहायची पाळी आली. पहिलं बाळ रडलंच नाही. दुसरं रडलं, पण नाव ठेवायचा दिवस काही त्याने पाहिला नाही. तेव्हा या वेळी गप्प बसले होते. आता पोट दिसायला लागलं आहे, लपवून काय करू?

विबेनुस इथे नाही. लोखंडाच्या कांबी घेऊन तो डॅन्यूबकाठच्या छावण्यांकडे गेला आहे आणि वसंत लागल्याशिवाय परतायचा नाही. घरात मी, सासूबाई आणि नोकरमाणसं. सासूबाईंना तुम्ही ओळखताच. लग्नात त्यांच्या दोन्ही खांद्यांवरच्या थोरल्या पिना पाहून तुम्ही माझ्या कानात म्हणाला होतात, विहीणबाई आल्यात की रथाची चाकं. सात वर्षं झाली, पिना त्याच आहेत. आपली भाषा त्यांना कळते, पण बोलत नाहीत. त्यांची मला अर्धीच कळते. दिवसातून चार शब्द बोलतात आणि त्यातले दोन मिठाविषयी असतात.

घराच्या किल्ल्या मात्र अजून माझ्याच हातात आहेत. तुम्ही घडवलेली अंगठीची किल्ली बोटात, कोठाराच्या आणि पेट्यांच्या तिलाच अडकवलेल्या. विबेनुसने लग्नाच्या दिवशी ती माझ्या बोटात घातली, तेव्हा सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. तोवर त्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत.

आता मागणं. दिवस गेलेल्या बाईला माहेरून एक किल्ली पाठवतात, बाळाची वाट सहज उघडावी म्हणून. शेजारच्या कुंभाराच्या सुनेला तिच्या भावाने पाठवली, तीही गंजकी. मी अक्विलेयातल्या नावाजलेल्या कुलूपवाल्याची मुलगी, आणि दोन्ही खेपांना माझ्या उशाशी किल्ली नव्हती. आई असती तर तिने तुम्हाला आठवण केली असती. दोष देत नाही बाबा. पण या वेळी पाठवा.

सांभाळून राहा. ऐरणीपाशी डोळ्यांना जपा.

तेर्तुल्ला


हेदिस्तुसकडून तेर्तुल्लास
अक्विलेया, ऑक्टोबर, द्राक्षं उतरून झाल्यावर

पोरी,

तू बरी आहेस हे वाचलं, म्हणजे मी बरा. तुझं पत्र आलं तेव्हा एका धान्यवाल्याच्या पेटीचं चापाचं कुलूप खोलून बसलो होतो. पत्र वाचलं आणि त्यातलं एक पातं कुठे बसतं हेच सुचेना. धान्यवाल्याला सांगितलं, डोळ्यात लोखंडाचा कीस गेलाय. तो म्हणाला, दोन्ही डोळ्यांत?

किल्लीचं तू म्हणतेस ते खरं आहे. मला वाटायचं, ही बायकांची कामं. तुझी आई गेली आणि सांगणारं कुणी उरलं नाही. पण सगळ्या गावाच्या तिजोऱ्यांना किल्ल्या करून देणाऱ्या माणसाला आपल्या लेकीसाठी एक करायचं सुचू नये? दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

सोबत पेटी पाठवतो आहे. किल्ली त्यात सगळ्यात तळाशी, लोकरीत गुंडाळलेली. ती कुठल्याही दाराची नाही. मी तिच्यापुरतंच एक कुलूप केलं, ते उघडलं आणि माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला उघडंच टांगलं आहे. बाळाची बातमी येईपर्यंत ते बंद करणार नाही. किल्लीवर पिळाच्या टाचण्या आहेत, दुपट्याला लावायला. टोकाला टोपण केलंय, बाळाला टोचायची नाही. घडीचा चाकू आहे, एका बाजूने चाकू, दुसऱ्या बाजूने चमचा उघडतो. आणि शिवलेले लोकरी मोजे. नाक मुरडू नकोस. तिकडच्या थंडीत शिपाई घालतात, तू कोण मोठी लागून गेलीस?

आता विहीणबाईंविषयी. त्या डोंगरातल्या बाईशी मी कधी भांडलो नाही, कारण भांडायला ती समोर तोंड तरी उघडते कुठे? पण न बोलणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. तू किल्ल्या बोटातून काढू नकोस, झोपतानासुद्धा नाही. आपल्यात बायकोच्या हातून किल्ल्या काढून घेतल्या की पुढे काही बोलायचं उरत नाही, तिने मुकाट्याने आपली पेटी भरायची. तुझ्या आत्याच्या हातातून अशाच घेतल्या, तेही नवऱ्याने नाही, सासूने. नवरा म्हणे बाहेरगावी होता. आत्या आपल्या ओट्यावर येऊन बसली ती मरेपर्यंत तिथेच बसली. म्हणून सांगतो.

तसं काही झालंच, तर मला कळव. बाकी मी बघतो.

तुझा बाप


तेर्तुल्लाकडून बाबांना
विरुनुम, नोव्हेंबर संपता संपता

बाबा,

गाडीवाला दारात उभा आहे. म्हणतो, खिंड आज-उद्याकडे बंद होणार, ही शेवटची गाडी. म्हणून चार ओळी.

पेटी पोचली. किल्ली उशाखाली ठेवली आहे. मोजे पायात चढत नाहीत, पाय फार सुजले आहेत. हातही सुजलेत, अक्षरावरून तुम्हाला दिसेलच.

बाबा, सासूबाईंनी माझ्या किल्ल्या काढून घेतल्या. काल सकाळी आल्या, काही बोलल्या नाहीत, बोटाला बदकाची चरबी चोळली आणि अंगठी ओढून काढली. मी रडले, नको म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. आता सगळा जुडगा त्यांच्या कमरेला आहे आणि मला मागच्या खोलीत आणून ठेवलं आहे. का, विचारलं तर ओठांवर बोट ठेवतात. विबेनुसचा त्यांना काही निरोप आला असेल का? दोन मुलं गेली, तिसऱ्याचं कोण जाणे, असं त्याच्या मनात आलं असेल का? मला काहीच कळत नाही.

तुम्ही सांगितलेली आत्याची गोष्ट आठवत राहते. गाडीवाला हाका मारतो आहे.

तेर्तुल्ला


हेदिस्तुसकडून तेर्तुल्लास
अक्विलेया, डिसेंबरचा पहिला आठवडा

पोरी,

हे पत्र सरकारी स्वाराबरोबर पाठवतो आहे. त्याच्या थैलीचं कुलूप मी दुरुस्त करून देतो, त्यामुळे तो माझं ऐकतो. खिंड बंद असली तरी स्वारांसाठी वाट काढतातच. वाचून झालं की जाळून टाक.

रडू नकोस. गाडीवाल्याने मला सगळं सांगितलं. म्हातारी घरभर किल्ल्या वाजवत फिरते आणि तुला कुणी बाहेर बघत नाही, म्हणाला. ऐकून मी दुकान लावून घेतलं आणि खिंडीकडे निघालो. पहिल्या चौकीवरच शिपायांनी मागे फिरवलं. बर्फ कमरेएवढा आहे, म्हाताऱ्या, मरायचंय का, म्हणाले. परत आलो. बापाच्या हातात लोखंड असून काही करता येत नाही, असा दिवस मी आजवर पाहिला नव्हता.

मग जे करता येत होतं ते केलं. शिशाचा तुकडा पातळ ठोकला. बाजारात एक जण शापाचे लेख लिहून देतो, त्याच्याकडून लिहून घेतलं. त्याला बाईचं नाव आणि तिच्या आईचं नाव हवं होतं. आईचं नाव मला कुठलं ठाऊक? आणि म्हातारीचं नुसतं अतेग्नाता हे नाव सांगितलं तर त्या डोंगरात दर चौथी बाई अतेग्नाता. म्हणून असं लिहवलं: पाताळातल्या देवांनो, विरुनुमला विबेनुसच्या घराच्या किल्ल्या जिच्या हातात आहेत, तिचे हात बांधा, तिची जीभ बांधा, तिचं पोट बांधा. पोट माझ्या डोक्यात नव्हतं. लिहिणारा म्हणाला, यादी पुरी करावी, अर्धवट शापाला दात नसतात.

शिशाची घडी केली, तिच्यातून खिळा मारला आणि माझं स्वतःचं चापाचं कुलूप त्यावर लावून बंद केलं. त्याची किल्ली नदीत टाकली. रस्त्याकडेला एका तरुण नावाड्याचं नवं थडगं आहे. असा अकाली गेलेला माणूस निरोप लवकर पोचवतो. त्याच्या मातीत ते पुरलं.

तेव्हा तू घाबरू नकोस. जिने तुझ्या हातून घेतलं, तिच्या हातात ते टिकणार नाही. वाट मोकळी झाली की मी येतो आणि तुला घेऊन जातो.

तुझा बाप


तेर्तुल्लाकडून बाबांना
विरुनुम, सातुर्नालियाचा दुसरा दिवस

बाबा,

तुमचं काही पत्र आलेलं नाही आणि एवढ्या बर्फात येणारही नाही. पण एक डाकवाला खाली उतरतो आहे, म्हणून ही संधी साधते. माझं मागचं पत्र विसरून जा. मी वेडी आहे, आणि तुम्ही मला आत्याच्या गोष्टी सांगून आणखी वेडी करता.

काल सणाचा दिवस. नोकर मेजावर आणि मालक वाढायला, तसं आम्हीही केलं. बोनियाता म्हणून एक जुनी मोलकरीण आहे, तिला दोन्ही भाषा येतात. थोडी प्यायली होती. मी तिला वाढत होते तर म्हणाली, पोरी, तुला अजून कळलं नाही होय? तुझं बोट काळं पडत होतं. म्हातारीने अंगठी काढली नसती तर बोटच काढावं लागलं असतं. आणि जिचे दिवस भरत आलेत, तिच्या अंगावर बंद असं काही ठेवत नाहीत आमच्यात. अंगठी नाही, पट्टा नाही, केसांनाही गाठ नाही. कारण मात्र मोठ्याने सांगायचं नाही, नाहीतर ज्यांनी ऐकू नये ते ऐकतात.

मग मी घर नीट पाहिलं. बाबा, कोठार उघडं, पेट्या उघड्या, दाराला अडसर नाही. चोरांची चंगळ. आणि उंबऱ्यावर आडव्या सासूबाई झोपतात, हातात कुऱ्हाड घेऊन. तीन आठवडे झाले, त्या तशाच झोपताहेत. मी आत रडत होते आणि त्या बाहेर थंडीत पडून होत्या.

मी जाऊन त्यांच्या पायांशी बसले. त्यांना कळलं, मला कळलंय. सूजही जरा उतरली आहे. त्यांनी कमरेचा जुडगा सोडला आणि माझ्या हातात ठेवला. बोटात नाही, तळहातावर. म्हणाल्या, घर तुझं. दोनच शब्द, पण आपल्या भाषेत.

तेव्हा आता किल्ल्या पुन्हा माझ्याकडे आहेत. तुमची उशाखाली, घराच्या हातात. तुम्ही मला आता बघाल तर हसाल. बाळ जोरात लाथा मारतं आहे. मला या वेळी भीती वाटत नाही.

तेर्तुल्ला


हेदिस्तुसकडून विहीणबाई अतेग्नाता यांना
अक्विलेया, जानेवारीचा मध्य

विहीणबाई,

आजवर मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. आता लिहितो आहे ते तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणून. तुमच्या घरी नेपोस म्हणून हिशेबनीस आहे असं तेर्तुल्ला सांगायची. त्याच्याकडून हे एकट्याने वाचून घ्या. पोरीच्या कानावर जाऊ देऊ नका.

तुम्ही तिच्या किल्ल्या काढून घेतल्यात असं कळलं, तेव्हा मला वाटलं तुम्ही तिला घराबाहेर काढता आहात. मी तुमच्यावर शिसं लिहवलं. हात बांधा, जीभ बांधा, पोट बांधा. तुमच्या आईचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून लिहवलं, त्या घराच्या किल्ल्या जिच्या हातात आहेत ती. आणि काल पोरीचं पत्र आलं. किल्ल्या तिच्या हातात आहेत. मी माझ्या लेकीचं पोट बांधलं, विहीणबाई. दिवस भरलेल्या लेकीचं.

पत्र वाचल्याबरोबर मी थडग्याकडे गेलो. माती दगड झाली होती आणि वर त्यांनी शिळा बसवली होती. परक्याचं थडगं उघडणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्या नावाड्याची आई वेशीपाशी उकडलेले हरभरे विकते. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, ती ओरडून लोक गोळा करील. तिने एवढंच विचारलं, माझ्या पोराच्या गळ्यात तू हे ओझं घातलंस, त्याने तुझं काय वाकडं केलं होतं? मग तिने आपल्या दिराला पहार घेऊन पाठवलं आणि स्वतःही आली. शिळा हलवली तेव्हा ती पोराशी बोलत होती. घाबरू नको, तुझ्यावरचं काढायला आलोय, म्हणत होती.

कुलूप मिळालं. ते मीच केलेलं, त्याची किल्ली मीच नदीत टाकलेली. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, हेदिस्तुसचं कुलूप किल्लीवाचून उघडत नाही. नाहीच उघडलं. तिथेच बसून कानस घेऊन किल्ली घासायला लागलो. थंडीने हात चालेनात. ती बाई शेजारी बसून माझे हात बरोबर आणलेल्या गरम हरभऱ्याच्या पातेल्यावर शेकून देत होती. शेवटी चाप सुटला. शिसं उलगडलं, खिळा काढला आणि भट्टीत वितळवलं.

पण शिसं वितळलं म्हणून बोललेलं वितळतं का, हे सांगणारा मला कुणी भेटला नाही. लिहून देणारा तर दारच उघडत नाही. म्हणून तुमच्या पाया पडतो, तिच्या हातून किल्ल्या काढून घ्या. पुन्हा एकदा. ती रडली तरी घ्या. तुम्हीही हातात ठेवू नका, नदीत टाका. तिला आधीचं माझं एक पत्र मिळालं असेल, त्यात हे सगळं लिहून बसलो होतो. ते तिच्या हाती पडलं नसेल तर देवाची दया.

हेदिस्तुस


अतेग्नाताकडून कुलूपवाल्यास
विरुनुम, फेब्रुवारीचा आरंभ

नेपोस लिहितो आहे. त्याला सांगितलंय, मी बोलते तसंच लिही, गोड करू नकोस.

मुलगी जिवंत आहे. नात झाली, तीही जिवंत आहे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला वाचता येईल.

विहीणबाई म्हणालात. सात वर्षांत पहिल्यांदा. त्याला एवढं व्हावं लागलं.

तुमचं ते आधीचं पत्र तिला नव्या वर्षाच्या सुमाराला मिळालं. तिने वाचलं आणि चुलीत घातलं. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाली, बाबा बरे आहेत. त्या दिवसापासून तिने किल्ल्या हातातून सोडल्या नाहीत. जेवताना डाव्या हातात, झोपताना उजव्या. दिवस भरत आले तशा मी मागायला लागले. बंद मूठ चांगली नाही, दे. ती देईना. मला वाटलं, हिला अजून माझा भरवसा नाही, मी घर काढून घेईन असं हिला वाटतं. मला राग आला. बापासारखीच चिकट आहेस म्हणाले. तेवढं तुमच्या भाषेत म्हणाले, तिला लागावं म्हणून. तिने मूठ आणखी घट्ट केली.

कळा सुरू झाल्या. एक दिवस गेला, बाळ जागचं हलेना. सुईण म्हणाली, मूठ सोडवा हिची, मूठ मिटलेली असली की सगळंच मिटतं. दोघींनी ओढली तरी सुटेना. तुमचं माझ्या नावाचं पत्र आदल्या संध्याकाळी आलं होतं, पण मी नेपोसला वाचायला वेळ दिला नव्हता. बाळंतिणीच्या घरात पत्र कोण वाचतं? शेवटी तो दारातूनच म्हणाला, आजीबाई, यात किल्ल्यांचं काहीतरी आहे, ऐका. ऐकलं.

तेव्हा मला कळलं, ती का सोडत नव्हती. सोडल्या तर त्या माझ्या हातात येणार, हे तिला माहीत होतं. महिनाभर ती तुमचं शिसं आपल्या मुठीत धरून बसली होती, मला लागू नये म्हणून. आणि मी तिला चिकट म्हणाले.

मी आत गेले आणि म्हटलं, दे त्या.

ती म्हणाली, नाही. तुमच्यावर जाईल.

मी म्हटलं, जाऊ दे. तुझा बाप पोट बांधायचं म्हणतो. माझं पोट वीस वर्षांपूर्वीच बंद झालं, त्याला आणखी कुलूप कशाला? जीभ बांधायची म्हणतो, ती मी जन्मभर स्वतःच बांधून ठेवली. राहिले हात. हात माझे आहेत, मी ते कुणालाही देईन. तू मूठ सोड.

तुमच्या भाषेत एवढं सलग मी कधी बोलले नव्हते. तिने मूठ सोडली. त्यानंतर बाळ यायला फार वेळ लागला नाही.

नदीत टाका, असं तुम्ही लिहिलंत. घराच्या किल्ल्या नदीत टाकल्या तरी घर जिचं, तिच्याच हातात त्या आहेत असं पाताळातले देव समजतात. म्हणून मी त्या माझ्या कमरेला बांधल्या, चांगली पक्की गाठ मारून. आता त्या माझ्या आहेत, आणि कुणाला शंका नको म्हणून अंगणात उभं राहून तसं मोठ्याने सांगितलं.

मला तुमचा राग आहे. लपवत नाही. पण माझाही आहे. तेव्हा चरबी चोळताना मी नुसतं म्हटलं असतं, सूज उतरली की परत देते, तर तिने तुम्हाला ते पत्र लिहिलं नसतं. नको त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी गप्प बसले. तुम्ही नको त्यांना बोलावून ऐकवलंत. दोघांनी मिळून तिला मारायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

तुमचे मोजे मी घालते. उबदार आहेत.


तेर्तुल्लाकडून बाबांना
विरुनुम, मार्चचा मध्य

बाबा,

तुम्ही बरे असाल तर ठीक आहे. मी बरी आहे. बाळ बरं आहे. सासूबाई बऱ्या नाहीत.

नेपोसला ते पत्र सांगून झालं, त्यानंतर काही दिवसांनी त्या कोठारात पडल्या. टांगलेलं खारवलेलं मांस उतरवायला गेल्या होत्या. उजवा हात गेला, आणि जीभ गेली. ऐकू येतं, कळतं, डोळे सगळ्यांच्या मागे फिरतात. बोलायला बघतात तेव्हा नुसता घोगरा आवाज येतो, मग त्या तोंड मिटून घेतात. वैद्य म्हणाला, वय झालं, उंबऱ्यावर थंडीत झोपल्या, बाळंतपणाची जागरणं झाली, असं होतं. मी मान हलवली. तुम्ही कुलूप त्याआधीच उघडलं होतंत, शिसं वितळवलं होतंत, हे मला माहीत आहे. मी रोज सकाळी तेल लावून त्यांच्या उजव्या हाताची बोटं उघडते. दुपारपर्यंत ती पुन्हा मिटतात.

बाळासाठी कुंभाराकडून चोचीची बाटली करून घेतली होती. बाळाला ती लागली नाही, माझं दूध पुरतं. सासूबाईंना तिच्यातून दूध-मध देते. चोच ओठांना लागली की डोळे मिटून घेतात. लाज वाटते त्यांना. मानी बाई आहे.

विबेनुस परत आला. मी त्याला सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. तो गोठ्यात जाऊन बराच वेळ बसला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, तुझे बाबा आले तर मी काय करीन ते मला ठाऊक नाही. मग आईच्या कमरेच्या किल्ल्या सोडायला गेला, तर सासूबाईंनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. किल्ल्या त्यांच्याच कमरेला आहेत. कोठार उघडायचं असलं की त्यांना उचलून नेतो आम्ही दोघं. आत नेलं की त्या डाव्या हाताने किल्ली लावतात आणि मी दार ढकलते.

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. दुसरं शिसं लिहवू का, उलट्या शब्दांचं, असं विचारता. नको. तुम्ही आता काहीही लिहवू नका. बाळंतिणींना सांभाळणाऱ्या जुनो लुसिना देवीच्या देवळाला काळी मेंढी देऊ का, विचारता. द्यायची असली तर त्या हरभरेवाल्या बाईच्या मुलासाठी द्या. माफीचं पत्र पाठवतो, नेपोस वाचून दाखवील, असं लिहिता. तेही नको. सासूबाईंना ऐकायला मिळालेलं तुमचं पहिलं पत्र नेपोसच्याच आवाजात होतं. दुसरं तसं नसावं.

माझ्यावर रागावलीस का, असं तुम्ही दर पत्रात विचारता. मुठीत किल्ल्या धरून मी महिनाभर झोपले तेव्हा तुमचा राग आला नाही. तुम्ही माझ्यासाठी केलंत, मला माहीत होतं. पण आता त्यांच्या तोंडाला चोच लावताना येतो. त्या वेळी तुम्ही समोर असता तर मी काय बोलले असते ते लिहीत नाही.

खिंड आठवडाभरात उघडेल म्हणतात. तुम्ही या. चालत या, गाडीत या, कसेही या. विबेनुसला मी आवरीन. तुम्ही सासूबाईंसमोर बसा आणि जे केलंत ते तुमच्या तोंडाने त्यांना सांगा, सगळं, आईचं नाव ठाऊक नव्हतं इथपासून. ते नाव मी विचारून घेतलंय. बोनियाताने सांगितलं, सुआद्रा. ते नाव घेऊन सुरुवात करा. त्या उत्तर देणार नाहीत, तेव्हा तुम्हाला माफ केलं की नाही हे तुम्हाला कळणार नाही. मलाही त्यांच्याकडून ते कधी कळायचं नाही. त्या फक्त तुमच्याकडे बघतील, बराच वेळ बघतील. तेवढं तुम्ही सोसायचं आहे. मी त्या खोलीत नसेन.

तेर्तुल्ला